सातवा खिळा

मला एका जागी बसवत नाही. आज नाही, जन्मापासून नाही. आई सांगते की मी रांगलेच नाही, एकदम उठून दाराकडे पळाले. खरंखोटं तिलाच ठाऊक, पण तेव्हापासून ती मला 'भिंगरी' म्हणते. आता मला चौतिसावं लागलंय, तरी ती कामाला आहे त्या धोबीघराच्या दारातून सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी हाक मारते, "ए भिंगरी, डबा विसरलीस!" आणि वॉर्डातली माणसं खिडकीतून हसतात.

आणि अशा बाईच्या नशिबी काम काय यावं, तर दिवसभर बुटक्या स्टुलावर बसून जोडे शिवायचं!

हे जोडे साधे नसतात. आमचा दवाखाना कुष्ठरोग्यांचा. रोग औषधानं बरा होतो, पूर्ण बरा होतो, पण ज्या नसा मेल्या त्या परत येत नाहीत. मग पायाला काही कळत नाही. खडा टोचला, पट्टा घासला, चटका बसला, तरी पाय गप्प. तुम्हीआम्ही दोन पावलांत थांबून जोडा झटकतो. ही माणसं चालत राहतात, आणि जखम हाडापर्यंत गेली की दुसऱ्याच कुणाच्या तरी लक्षात येतं. म्हणून आमच्या जोड्याचा तळ मऊ रबराचा असतो, पट्टे रुंद असतात आणि आत एकही खिळा राहू देत नाहीत. सगळं शिवलेलं नाहीतर चिकटवलेलं.

पण बनवताना खिळे लागतातच. लाकडी फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा. त्यावर आतला तळ घट्ट बसवायला सात बारीक खिळे ठोकायचे आणि शिलाई झाली की उपटायचे. मामाचा नियम असा की सात ठोकले, तर डबीच्या झाकणात सात परत दिसले पाहिजेत. मग फर्मा काढायचा, डोळे मिटायचे, जोड्यात उघडा हात घालायचा आणि दहा आकडे होईपर्यंत तो सावकाश फिरवायचा. डोळे मिटायचे, कारण उघड्या डोळ्यांना सगळं ठीकच दिसतं. त्यानंतर तळाला खडूची फुली आणि वहीत सही.

मामा म्हणजे आईचा सख्खा धाकटा भाऊ, आमच्या कारखान्याचा मुख्य. कारखाना हा शब्द मोठा झाला. दोन खिडक्या, एक लांब बाक, भिंतीवर टांगलेले फर्मे आणि आम्ही दोघं, एवढाच पसारा. मामा सोळाव्या वर्षी इथं आला तो रोगी म्हणून. बरा झाला आणि इथंच राहिला. उजव्या हाताची तीन बोटं अर्धी राहिलीत, उरलेल्यांना काही कळत नाही. रापीनं कातडं कापतो ते निव्वळ नजरेच्या बळावर, आणि असं सरळ कापतो की मला सात जन्मांत जमणार नाही. मात्र जोड्यात हात फिरवायचं काम त्याचं नाही, माझं. "डोळे माझे, बोटं तुझी," असं तो नव्या माणसाला आमची ओळख करून देताना सांगतो.

बाकाच्या वर आमच्या संतांचं चित्र आहे. दवाखाना त्यांच्याच नावाचा. अंगावर विटका झगा, हातात काठी, पाठीला गाठोडं, आणि चित्रकारानं त्यांचा एक पाय कायमचा उचललेला ठेवलाय. अकराव्या वर्षी शाळेत मला त्यांच्या चरित्राचं पुस्तक बक्षीस मिळालं. चालत चालत किती राज्यं ओलांडली, किती बंदरं पाहिली, ज्या बेटावर कुणी जायला तयार नव्हतं तिथं जाऊन रोग्यांच्या झोपडीत कसे राहिले, हे मी इतक्या वेळा वाचलं की पुस्तकाची शिवण उसवली. मला भक्ती किती कळली कोण जाणे. तो उचललेला पाय मात्र नीट कळला. ख्रिस्तानं 'जा' म्हटलं आणि हा माणूस गेला. मला वाटायचं, हे मला जमेल. जाणं तर मला जन्मापासून जमतंच.

म्हणून मी मिशन मंडळाला अर्ज करत राहिले. सहा वर्षांत पाच अर्ज. समुद्रापलीकडे आमच्यासारखाच एक दवाखाना आहे, तिथं जोडे करणारं कुणी नाही, माणसं टायरच्या चपला घालून पाय गमावतात. मला तिथं जायचं होतं. इतकं की रात्री पाय आपोआप हलायचे आणि आई पलीकडच्या खाटेवरून म्हणायची, "झोपेत तरी मुक्काम कर गं बाई."

पाचव्या अर्जाचं उत्तर एका सोमवारी सकाळी आलं. ते आणलं टपालबाबांनी.

टपालबाबा म्हणजे चार नंबर वॉर्डातले म्हातारे. आजार निघण्याआधी एकवीस वर्षं टपाल वाटायचे. अजूनही फाटकावर आलेलं टपाल वाटायचा मान त्यांचाच. पत्र हातात देताना पाकीट आधी उजेडात धरतील, शिक्का वाचतील, "लांबचं दिसतंय," म्हणतील आणि तुम्ही ते फोडेपर्यंत हलायचे नाहीत. मामाची आणि त्यांची तीस वर्षांची जोडी. रोज चार वाजता जोड्यांच्या खोक्यावर बुद्धिबळाचा पट मांडतात. दोघंही भयंकर खेळतात, आणि दोघांनाही वाटतं की आपण समोरच्याला सांभाळून घेतोय.

त्या सोमवारी मी त्यांचाच जोडा करत होते. जुन्याचा तळ झिजला म्हणून तीन आठवडे त्यांना फाटकाबाहेर सोडलं नव्हतं, आणि ते दारात उभे राहून माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटत होते. "झाला का? आता? बरं, आता?"

"बाबा, तुम्ही गेलात तर होईल."

"मी कसा जाईन? जोडा तुझ्याकडे!" मग खिशात हात घालून म्हणाले, "हां, आणि हे तुझं. मंडळाचा शिक्का आहे."

डाव्या जोड्याचे खिळे मी उपटत होते. किती झाले होते? मला आज वाटतं सहा. तेव्हा मी मोजलेच नाहीत. पक्कड टाकली आणि पाकीट फोडलं.

'आपली निवड झाली आहे.' पुढचं काही दिसेना. डोळ्यांत पाणी आलं. एकोणीस दिवसांनी निघायचं, तब्येतीचा दाखला हवा आणि प्रमुखांचं पत्र हवं की उमेदवार कामात पूर्ण विश्वासाची आहे. मी उठून कारखान्यात दोन फेऱ्या मारल्या. मामा बाकावरून उठला आणि अर्ध्या बोटांच्या त्या हातानं माझा चेहरा धरला. टपालबाबा म्हणत होते, "मी आणलं हो पत्र! लक्षात ठेव, मी आणलं!"

मग ते म्हणाले, "आता तरी जोडा दे."

मी जोडा उचलला, फर्मा ओढून काढला, तळाला फुली मारली, वहीत सही केली.

"हात फिरवलास?" मामानं विचारलं. तो नेहमी विचारतो.

"हो," मी म्हटलं.

ते 'हो' मी खोटं बोलायचं म्हणून बोलले नाही. मला वाटलं असेन फिरवला. हजारदा फिरवलाय, आताही फिरवलाच असेल. अंगानं मी स्टुलावर होते, मनानं जहाजात चढले होते. म्हटलं तर एवढीच गोष्ट.

नवा जोडा पहिल्या दिवशी अर्धा तास घालायचा, मग काढून पाय तपासायचा, असा नियम आहे. टपालबाबांना नियम माझ्याइतकेच प्रिय. तीन आठवडे कोंडलेला माणूस फाटकाबाहेर पडला आणि थेट पोस्टात गेला. तिथून त्यांना आपल्या जुन्या गल्ल्या आठवल्या. बेकरीची गल्ली, शाळेमागची गल्ली, चढावरची घरं. ज्या दारांत एकवीस वर्षं पत्रं टाकली ती सगळी दारं त्यांनी पाहून घेतली. तीन तास चालले. परत आले ते खुशीत, शीळ घालत.

नुकत्याच पुसलेल्या फरशीकडे वॉर्डाच्या मुख्य सिस्टरचं, मेट्रनचं, लक्ष गेलं. दारापासून खाटेपर्यंत एकाआड एक पाऊल लाल उमटलं होतं.

मला आणि मामाला बोलावणं आलं तेव्हा टपालबाबा खाटेवर बसले होते आणि सगळ्यांकडे आलटून पालटून बघत होते, कुणाला काय झालं म्हणून. जोडा काढायला मेट्रनला कात्री लागली. खिळा रबरातून वर येऊन करंगळीच्या मुळाशी पूर्ण आत गेला होता. इतका बारीक खिळा! तीन तास, प्रत्येक पावलाला, आत आणखी आत.

"दुखलं नाही हो," टपालबाबा म्हणाले. मग त्यांनी खाली पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "पाय जाणार का माझा?"

मेट्रननं उत्तर दिलं नाही. त्यांना खोटं बोलता येत नाही. "जोडा कुणी तपासला?" त्यांनी विचारलं. आवाज न चढवता विचारलं, म्हणजे फार रागावल्या होत्या.

मी तोंड उघडलं. देवाशप्पथ उघडलं. पण मामा माझ्या पुढे आला.

"हिनं तपासून सही केली होती, सिस्टर. नंतर मी पट्टा उसवून परत बसवला. मला सैल वाटला. तेव्हा ठोकलेला खिळा राहिला माझ्याकडून. परत हिला दाखवायला पाहिजे होता, नाही दाखवला."

"तुम्ही? या हातांनी?" मेट्रन त्याच्या हातांकडे बघत राहिल्या. सगळ्यांना ते लगेच पटलं, हेच मला सहन होईना. अर्ध्या बोटांच्या माणसाकडून असं कधीतरी व्हायचंच, असं खोलीतल्या प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं. "उद्यापासून तुम्ही बाकावर बसायचं नाही," मेट्रन म्हणाल्या.

टपालबाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "तीस वर्षं," एवढंच म्हणाले. "तीस वर्षं, आणि माझ्याच पायात."

व्हरांड्यात मी मामाचा दंड धरला. "मामा, तू काय केलंस हे?"

"हळू बोल."

"तू पट्ट्याला हात लावला नाहीस. मी हात फिरवला नव्हता. मी..."

"मला माहीत आहे. झाकणात सहा होते. तुम्ही दोघी-तिघी फरशीकडे बघत होतात तेव्हा मी धावत जाऊन झाकण बघून आलो." त्यानं आजूबाजूला पाहिलं. "ऐक. मी इथं आलो तेव्हा घरातून फक्त तुझी आई भेटायला यायची, तीही लांब उभी राहून. आणि एक बाई समुद्र ओलांडून आली, तिनं माझा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि माप काढलं. मांडीवर, समजलं? तिला तिच्या घरी काय कमी होतं? त्या दिवसापासून मी देवाला सांगतोय की आपल्यातलंही एक कुणीतरी तसं जाऊ दे. माझे हात असे. तुझे चांगले आहेत. पत्र मी लिहून ठेवलंय. जा तू."

"आणि तुझं काम?"

"माझं काम आज ना उद्या सुटणारच होतं," तो म्हणाला आणि धोबीघराच्या बाजूनं निघून गेला.

पुढचे सहा दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. दाखला काढला. पेटी आणली. कारखान्यात एकटी बसायचे, जोडा हातात घ्यायचे, हात आत घालायचे, काढायचे, पुन्हा घालायचे. एकेका जोड्यात पाच-पाच वेळा. मामाची रापी बाकावर तशीच पडून होती. चार वाजले की मी घड्याळाकडे बघायचे. पट मांडायला कुणी येत नव्हतं. मामा दुपारी वॉर्डाच्या दारापर्यंत जायचा, टपालबाबा चादर डोक्यावर ओढायचे, मामा परत यायचा. रोज. मी खिडकीतून बघायचे. टपालबाबांना ताप चढला होता, पायाची सूज घोट्यापर्यंत आली होती. बोटं वाचणार नाहीत असं डॉक्टर म्हणत होते. पायाचं बघू, म्हणत होते.

मी स्वतःला पुष्कळ समजावलं. एक खोटं, तेही मी बोललेले नाही. पलीकडे शंभर पाय वाट बघतायत, शंभर पाय मोठे की एक? संतांनी मागं वळून पाहिलं असतं तर ते बेटावर पोचले असते का? मी फार हुशारीनं वाद घालत होते. अडचण एवढीच होती की जेवण जात नव्हतं.

आई इस्त्री करत होती. माझे ब्लाउज घडी घालून पेटीत ठेवत होती. "तुझा मामा हल्ली बोलत नाही," ती म्हणाली. "लहानपणी काही फोडलं की तो असाच गप्प बसायचा. आणि गंमत म्हणजे पुष्कळदा ते मी फोडलेलं असायचं." तिनं इस्त्री उभी केली आणि माझ्याकडे पाहिलं. "तुझं काय बिनसलंय?"

"काही नाही."

"मग पेटीभोवती फेऱ्या मारू नकोस. मला चक्कर येते."

रविवारी मी चर्चमध्ये जाऊन कबुली दिली. जाळीपलीकडे फादर होते. म्हातारे, अर्धे बहिरे, त्यामुळे मला ते सगळं दोनदा सांगावं लागलं आणि दुसऱ्यांदा सांगताना जास्त लाज वाटली. मला वाटलं होतं ते म्हणतील, एवढ्या प्रार्थना कर आणि जा. मी गुडघ्यांवरही स्वस्थ नव्हते, उठायच्या बेतातच होते.

फादर म्हणाले, "देवाला हे आधीच माहीत होतं, मुली. त्याला सांगायला धैर्य लागत नाही. ज्याला माहीत नाही, त्याच्याकडे कधी जाणार?"

मी चिडले. खरंच चिडले. तरातरा घरी आले आणि संतांचं पुस्तक काढलं. मला भांडायचं होतं. त्यांनी कधी कुठल्या टपालबाबासाठी जहाज सोडलं होतं का, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं. बंदराचं प्रकरण मला तोंडपाठ. जहाज भरलंय, शिडं चढतायत, पान उलटायचं, की समोर बेट. मधली एक ओळ मी लहानपणापासून धावत ओलांडत आले होते. त्या दिवशी अडखळले. 'वाटेत त्यांच्या हातून एका जखमी हमालाची पट्टी चुकीची बांधली गेली व त्याचा पाय चिघळला, हे कळताच ते जहाजातून उतरले आणि अकरा महिने बंदरावरच्या दवाखान्यात राहिले.'

बस्स. एवढंच. पुढच्या ओळीत दुसरं जहाज. चरित्र लिहिणाऱ्यालाही माझ्यासारखीच घाई असावी. मी इतकी वर्षं त्या उचललेल्या पायाकडे बघत आले. दुसराही पाय आहे आणि तो जमिनीवर आहे, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही. अकरा महिने! त्यांना काय वाटलं असेल? रोज सकाळी जहाजं सुटताना दिसत असतील. मी पुस्तक मांडीवर ठेवून रडले. मला जायचं होतं हो. अजूनही जायचं होतं.

तशीच उठले आणि चार नंबर वॉर्डात गेले. दुपारची वेळ, पडदे ओढलेले. टपालबाबांचा पाय उशांवर होता. ताप उतरलेला, पण चेहरा निम्मा झाला होता.

"ये," ते म्हणाले. "कधी निघतेस? तिकडून पत्र लिही. शिक्का बघायला मिळेल."

मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं. "बाबा, खिळा माझा होता. मामानं पट्टा उसवलाच नाही. तुम्ही पत्र दिलंत, मी खिळे मोजले नाहीत, हात फिरवला नाही. मामानं विचारलं तर हो म्हटलं. तो खोटं बोलला, मला जाता यावं म्हणून."

मला वाटलं होतं ते शिव्या देतील. त्याची मी तयारी करून आले होते. त्यांनी हात लांब केला आणि उशालगतचा पाण्याचा पेला उचलून खाली आपटला. फुटला.

"सहा दिवस मी त्याचं तोंड पाहिलं नाही!" ते ओरडले. वॉर्ड जागा झाला. "तो रोज त्या दारात येऊन उभा राहत होता आणि मी तोंडावर चादर घेत होतो! पाय गेला तर गेला, पाय तसाही मुका आहे. पण तो... तुला दिसत नव्हतं? तू खिडकीत होतीस, मी पाहिलंय तुला!"

"दिसत होतं."

"आणि सहा दिवस?"

मी खाली बसून काचा गोळा करायला लागले.

"राहू दे ते," ते म्हणाले. आवाज फाटला होता. "आधी त्याला बोलव. माफीबिफीचं मग बघू. मला आत्ता तुझं तोंड बघवत नाही, त्याला बोलव."

मामाला बोलावलं. मग मेट्रनकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, वहीतली माझी सही पाहिली, मामानं लिहिलेलं पत्र माझ्या हातून घेतलं आणि खणात ठेवलं. "हे आता पाठवता येणार नाही, कळतंय ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कळतंय. मंडळाला मी स्वतःच सगळं लिहिलं, एकही शब्द मऊ न करता. मामा दुसऱ्या दिवशी बाकावर परत आला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "माझी चाळीस वर्षांची मागणी होती," आणि कातडं कापायला लागला. ते कातडं त्या दिवशी वाकडं कापलं गेलं.

एकोणिसावा दिवस आला आणि गेला. आईनं पेटीतले कपडे परत कपाटात लावले.

टपालबाबांची दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला. अकरा आठवडे प्लॅस्टरमध्ये होता. अकरा, संतांच्या महिन्यांइतके, आणि मी ते मुद्दाम जुळवले नव्हते. मी रोज सकाळी त्यांच्या वॉर्डात जायचे, प्लॅस्टरबाहेरचा उजवा पाय धुवायचे, तेल लावायचे, बोटांमध्ये बघायचे. पहिले दोन आठवडे ते छताकडे बघत राहायचे. तिसऱ्यात म्हणाले, "पाणी गार आहे." मला माहीत होतं की त्यांना गार-गरम कळत नाही. पण मी उठून गरम पाणी आणलं.

प्लॅस्टर निघालं, नवं माप काढलं. पाय मी मांडीवर घेतला होता. मामा बाजूला उभा राहून बघत होता, आणि एकदम खिडकीकडे वळला.

परवा तो जोडा पुरा होत आला. चार वाजायला आले होते, खोक्यावर पट मांडलेला. कुबडीचा आवाज आला आणि टपालबाबा दारात उभे. हातात पाकीट. त्यांनी ते उजेडात धरलं, शिक्का वाचला, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"मंडळाचं आहे," ते म्हणाले. "तुझ्या पत्राचं उत्तर."

पक्कड माझ्या हातात होती. चौथा खिळा.

"ठेवा बाकावर."

"अगं, उघड की! 'ये' म्हणत असतील. नाहीतर 'नको' म्हणत असतील. कळायला नको?" एकवीस वर्षं टपाल वाटलेल्या माणसाला बंद पाकीट बघवत नाही. स्टूल डुगडुगत होतं. मला उठून पळावंसं वाटत होतं, त्या पाकिटाकडे की पाकिटापासून ते सांगता येणार नाही.

"आधी जोडा," मी म्हटलं.

पाच. सहा. सात. झाकण मामापुढे धरलं. त्यानं चष्मा वर करून एकेक खिळा नजरेनं मोजला. "सात," म्हणाला. मी फर्मा काढला, डोळे मिटले, हात आत घातला आणि दहापर्यंत फिरवला. खडूची फुली मारली, सही केली आणि जोडा टपालबाबांपुढे धरला.

त्यांनी तो घेतला नाही.

"हात फिरवलास?"

"हो."

माझा आवाज मलाच ऐकू आला. त्या सोमवारी 'हो' म्हणाले होते ना, तो हाच आवाज होता. काडीचा फरक नाही. त्यांनीही तो ओळखला असावा.

"पुन्हा फिरव," टपालबाबा म्हणाले.

पाकीट बाकावर बंदच पडलं होतं. मी हात पुन्हा जोड्यात घातला, डोळे मिटले आणि या वेळी त्यांना ऐकू जाईल असं मोजायला लागले.